आकडा कुणी फोडला?

१

बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते, एवढ्यात ते गद्दार ठरले. ही बातमी माय थाओने आणली, आणि सोबत तिच्या आईने तळून दिलेले एग रोल्सही आणले.

"आधी खा," ती दारातच म्हणाली. "उपाशीपोटी ऐकण्यासारखं नाहीये."

बाबा ज्या कंपनीत पायलट होते, तिथेच माय को-पायलट. वयाने माझ्याहून लहान, उंचीने माझ्या खांद्याइतकी. आडव्या वाऱ्यातही ती विमान असं उतरवते की झोपलेलं मूल जागं होत नाही, असं बाबा सांगायचे, आणि बाबा उगाच कुणाचं कौतुक करत नसत. मी बाबांचे स्वेटर खोक्यांत भरत होते. ते बाजूला सारून तिला जागा केली आणि दोन रोल खाल्ले.

"शनिवारी पायलटांची न्याहारी आहे," ती म्हणाली. "दरवर्षीची. त्यात मतदान घेतायत. तुझ्या बाबांच्या नावाची हॅल्वर ऑस्टबी शिष्यवृत्ती ठरली होती ना, गावातल्या मुलांना विमान शिकवायची? त्यातलं हॅल्वर ऑस्टबी काढायचं."

"कुणी सुचवलं?"

"वेंडेलनं."

मी तिसरा रोल खाली ठेवला. बाबांच्याच कंपनीतले कॅप्टन वेंडेल प्रोखास्कांनी बाबांच्या शवपेटीला खांदा दिला होता.

"कारण काय?"

"आकडा तुझ्या बाबांनी फोडला म्हणे."

आमच्या मार्श लेकमध्ये हा आकडा काय प्रकरण आहे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इथून मिनीॲपोलिसला उडणाऱ्या विमानांवर नाव असतं एका बड्या कंपनीचं. तिला आम्ही नुसतं 'मोठी' म्हणतो. पण आतले पायलट मोठीचे नसतात. ते असतात बाबांच्या लून एअरचे, नाहीतर प्रेअरी जेटचे. दोन्ही छोट्या कंपन्या मोठीसाठी ठेक्यावर उडतात. दर काही वर्षांनी मोठी नवी विमानं दाखवते आणि विचारते, स्वस्तात कोण उडवतंय? आता इंधन दोघांनाही एकाच भावाने मिळतं, विमानं तर मोठीचीच. स्वस्त करायला उरतो तो पायलटांचा पगार. मग लूनचे साहेब आपल्या पायलटांना सांगतात, प्रेअरीवाले उतरलेत, तुम्ही किती उतरता? प्रेअरीचे साहेब तिकडे तेच सांगतात. एकाच घरच्या दोन सुनांना एकमेकींच्या नावाने कामाला जुंपावं, तसं.

गेल्या ऑक्टोबरात असाच लिलाव लागला. लूनच्या पायलटांच्या वतीने बोलायला तिघे होते: बाबा, वेंडेल आणि माय. बाहेरगावचे पायलट मिनीॲपोलिसला एका भाड्याच्या घरात बंकबेडवर झोपतात. त्या घराच्या स्वयंपाकघरात तिघांनी मिळून आकडा ठरवला. तीन वर्षं पगारवाढ सोडायची, त्यापुढे एक दिवस नाही. कागदावर काही लिहिलं नाही. कुणालाही, अगदी आपल्याच साहेबांनाही, शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही असं ठरलं.

"आणि तिसऱ्याच दिवशी," माय म्हणाली, "प्रेअरीच्या पायलटांना सरळ विचारलं गेलं, लूनवाले तीनवर थांबतात, तुम्ही चार म्हणता का? ते म्हणाले चार. विमानं तिकडे गेली. उन्हाळा संपला की आपलं इथलं ठाणं बंद. मला घरी बसवणार. वेंडेल कॅप्टनचा को-पायलट होणार, तोही आयोवात."

"तिघांनाच माहीत होतं?"

"तिघांनाच. मी बोलले नाही. वेंडेल शपथ घेऊन सांगतो की तो बोलला नाही."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, रोल गार होतायत." मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सिग्ने, यातलं सगळ्यात वाईट अजून सांगितलंच नाही. प्रेअरीवाल्यांना विचारणा व्हायच्या आधीच आम्हाला एकानं सांगितलं होतं की आकडा बाहेर गेलाय. ते तुझे बाबा होते."

२

वेंडेल गॅरेजात होडीखाली झोपले होते. मासेमारीचा मोसम उघडायला आला की मिनेसोटातले अर्धे पुरुष होडीखाली असतात आणि उरलेले होडीविषयी बोलत असतात.

"ये पोरी," त्यांनी माझे बूट ओळखले. "तो पाना दे. तो नव्हे, त्याचा धाकटा भाऊ."

मी पाना दिला. "तुम्ही बाबांना गद्दार म्हणालात."

ते सरपटत बाहेर आले. मोठं पोट, ग्रीसने माखलेले हात, आणि डोळे रडवेले. वेंडेलना काही लपवता येत नाही, रागही नाही आणि वाढदिवसाची भेटही नाही.

"म्हणालो. तोंडावर म्हणालो असतो, पण तो निघून गेला. नेहमी माझ्या आधी निघायचा, लेकाचा."

"पुरावा?"

"ऐक. आदल्या संध्याकाळी आकडा ठरला. दुसऱ्या दिवशी तुझा बाप घरी आला तो कुणाच्या विमानातनं? प्रेअरीच्या! तेही मागे प्रवाशांत नाही. कॉकपिटात, त्यांच्या कॅप्टनच्या पाठीशी. मला हे तो गेल्यावर कळलं."

"तुम्ही सगळेच असे येता."

ही पायलटांची रीत आहे. कामावरून घरी जायचं असेल आणि विमान भरलेलं असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या पायलटलाही कॉकपिटातली घडीची खुर्ची मिळते. दारात उभं राहून कॅप्टनची परवानगी मागायची एवढंच. एकमेकांच्या पोटावर पाय आणणारे लोक एकमेकांना घरी सोडतात.

"येतो की," वेंडेल म्हणाले. "हवापाण्याचं बोलतो, साहेबांना शिव्या देतो. आकडे नाही सांगत."

"आणि तुम्ही त्या दिवशी?"

"मी आणि माय इथेच, मार्श लेकला अडकलेलो. मिनीॲपोलिसवर वादळ, निघायला बंदी. प्रवासी आत इमारतीत आणि आम्ही दोघं रिकाम्या विमानात, कॉकपिटचं दार लावून. तिथंच सगळं ठरवून टाकलं. बोलणी कशी ताणायची, तीनवर कधी यायचं, सगळं. इतकी निवांत दुपार माझ्या उभ्या नोकरीत आली नव्हती बघ. रेडिओवर चिटपाखरू नाही. चर्चमध्येसुद्धा कुणीतरी खोकतं! डबा काढला, बायकोनं खिमा घालून ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश गरम गरम संपवली."

"कॉकपिटात? पुन्हा?"

"त्या सूपचं नाव काढू नकोस."

सूपची कथाही गावाला पाठ होती. वेंडेलनी एकदा उपकरणांवर मटाराचं सूप सांडलं होतं आणि कंपनीने त्यांना तंबी दिली होती. पुन्हा कॉकपिटात जेवणापायी काही घडलं, तर कॅप्टनची खुर्ची गेली.

"त्या संध्याकाळी तुझा बाप माझ्याकडे आला," वेंडेल म्हणाले. "इथेच उभा होता. म्हणाला, आकडा बाहेर गेलाय, बदलू या. कसं कळलं ते विचारू नका. मी विचारलं. मायनं विचारलं. गप्प! मग कोण कशाला बदलतंय? आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर खरंच बाहेर गेलेला." त्यांनी पाना पेटीत टाकला. "पोरी, घरफोडी झाल्याचं घरच्यांच्या आधी कुणाला कळतं?"

मी पेटीचं झाकण लावलं.

"शनिवारच्या आत उत्तर आणलंस तर तो ठराव मी स्वतः फाडेन. नाही सापडलं, तर न्याहारीला येऊ नकोस. तू समोर असलीस तर माझा हात वर होणार नाही."

३

तो दिवस मला आठवत होता. बाबांना आणायला मीच विमानतळावर गेले होते. काचेतून बघत होते, तर विमान उतरलं, इमारतीकडे आलं आणि मध्येच थांबलं. तिथेच उभं राहिलं, बोलावणं न आलेल्या पाहुण्यासारखं. मग विमानतळावरची डॉर्लीन लाल टोपी सावरत धावत बाहेर गेली आणि दोन्ही हात हलवत तिने ते जागेवर आणलं. गाडीत बाबा गप्प होते. एरवी ते दुसऱ्याने केलेल्या लँडिंगला शाळामास्तरासारखे गुण देत. त्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "उतरलो की."

म्हणून मी डॉर्लीनकडे गेले. मार्श लेकच्या विमानतळावर मोठीचं जे काही आहे, ते म्हणजे डॉर्लीन. तिकीट तीच देते, बॅगा तीच तोलते, विमानांना हात तीच दाखवते, आणि दोन्ही कंपन्यांचे पायलट रेडिओवर बोलतात तेही तिच्याशीच.

"तो दिवस? विसरेन कशी, राणी!" तिने माझ्यापुढे लेमन बारचा, लिंबाच्या गोड वड्यांचा डबा सरकवला. "रेडिओ जाम झाला होता. कुणाचं तरी बटण दाबलेलं राहिलं."

"म्हणजे?"

"लहानपणी वॉकीटॉकी खेळलीस ना? एकानं बटण दाबून धरलं की बाकीच्यांची बोंब. त्याचंच गुळगुळ ऐकत बसायचं. मध्येच दुसऱ्यानं बोलायचा प्रयत्न केला, की अशी किंचाळी उठते, की माझ्या दाढेतलं चांदीचं सिमेंट हललं. मी हाका मारून थकले. शेवटी म्हटलं, जाऊ दे, पाय आहेत अजून. धावले बाहेर."

"आवाज कुणाचा होता?"

"ऐकायला थांबले कुठे? मला काय, एखादा पायलट बायकोविषयी कुरकुरत असेल. नेहमीचंच."

"मग तू बाहेर असताना रेडिओपाशी कुणी नव्हतं."

"होता की. मोठीच्या मुख्य कचेरीतला माणूस. ठेक्यांची बोलणी करणारा, पाहणीला आला होता. चकचकीत बूट. माझ्या खुर्चीत बसून माझे लेमन बार खात होता. मी आत येते तर हा रेडिओला कान लावून बसलेला, गोष्ट ऐकत असल्यासारखा. म्हटलं, सुटलं का बटण? तर म्हणतो, काही विशेष नाही, होईल आपोआप. थोड्या वेळानं सुटलं. आणि हा उठला, विमानाची वाटही न बघता भाड्याची गाडी घेऊन गेला. एक थँक्यू नाही!"

मिनेसोटात माणसं खून विसरतील, पण हे नाही.

"हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"सगळ्यांना सांगितलं. अख्ख्या गावाला माहितेय तो किती असंस्कृत होता ते."

आकडा कसा गेला ते आता कळलं. कुणी विकला नव्हता, कुणी चुगली केली नव्हती. एका कॉकपिटातलं बोलणं हवेतून थेट मोठीच्या माणसाच्या कानात पडलं होतं.

"डॉर्लीन, त्या वेळी इथे विमानं किती होती?"

"दोनच. एक वेंडेलचं, उभं. दुसरं तुझ्या बाबांना घेऊन आलेलं." तिने डब्याचं झाकण लावलं, आणि मग माझा चेहरा बघून पुन्हा उघडलं.

दोनातलं एक बोलत होतं. ते बाबांचं असेल, तर वेंडेलचा ठराव खरा होता.

४

त्या दिवशी बाबांना घेऊन आलेले प्रेअरी जेटचे कॅप्टन कर्टिस बुलांजे मला विमानतळासमोरच्या कॅफेत भेटले. उंच, वाकलेले, टोपी मांडीवर. त्यांनी दोघांसाठी रूबार्बचा केक मागवला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तुमचे बाबा गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. मी येणार होतो. पण तुमच्या लोकांना आवडलं नसतं."

"आमच्या लोकांना सध्या बाबाही आवडत नाहीत."

मी सगळं सांगितलं. त्यांनी काटा खाली ठेवला.

"मिस ऑस्टबी, मी तुमच्या बाबांना शब्द दिलाय. तुम्ही विचारलंत तर मी उत्तर देणार नाही."

"विमानात बाबा तुमच्याशी काय बोलले, हे तरी?"

"ते सांगतो. 'बसू का, कॅप्टन?' एवढं. मग झोपले. घोरण्यामुळे माझ्या को-पायलटला वाटलं इंजिनात बिघाड आहे."

मला हसू आलं. बाबा गेल्यापासून त्यांच्या घोरण्याची आठवण मला कुणी काढून दिली नव्हती.

"उठले कधी?"

"चाकं टेकली तेव्हा. त्यानंतर कुणीच बोललं नाही. विमान जमिनीवर चालत असतं तेव्हा कामाखेरीज बोलायचं नसतं. तुमचे बाबा नियमाचे पक्के." ते थांबले. "फक्त एक गोष्ट त्यांनी केली, आणि ती नियमात बसणारी नव्हती. मला न विचारता हात पुढे केला आणि माझ्या रेडिओचा आवाज पार बंद केला. दुसऱ्याच्या कॉकपिटात! मी चाटच पडलो."

"आवाज फार होता?"

"फार! किंचाळत हो—" आणि ते एकदम गप्प झाले. आपण शब्दाच्या काठावर आलोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

पण मला हवं ते मिळालं होतं. मी कॉफी ढवळत बसले आणि डॉर्लीनचा वॉकीटॉकी डोळ्यांपुढे आणला. बटण दाबून धरणाऱ्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. पण बटण दाबलेलं असेपर्यंत त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नाही.

कर्टिसच्या कॉकपिटात रेडिओ किंचाळत होता. म्हणजे तो ऐकत होता, बोलत नव्हता. त्याच वेळी, त्याच विमानतळावर, दुसरं एक विमान होतं. डॉर्लीन हाका मारून थकली, अख्ख्या विमानतळावर गोंधळ, आणि त्या विमानात मात्र चिटपाखरू नाही. चर्चपेक्षा शांत.

"कॅप्टन," मी म्हणाले, "मी विचारत नाही. मी सांगते. चुकलं तर काटा खाली ठेवा. बरोबर असेल तर केक खात राहा."

त्यांनी काटा उचलला.

"आकडा वेंडेल आणि मायच्या बोलण्यातून गेला. त्यांना पत्ताच नव्हता."

त्यांनी घास घेतला.

"बाबांनी आवाज ओळखला. तुम्ही पुढचं ऐकू नये म्हणून रेडिओ बंद केला. पण आत डॉर्लीनच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी ऐकत असेल, अशी त्यांना भीती होती. म्हणून त्यांनी संध्याकाळी वेंडेलना आकडा बदलायला सांगितलं. कसं कळलं ते मात्र सांगितलं नाही."

कर्टिसनी केक संपवला आणि बशीतला चुराही बोटाने टिपला.

"आता शब्द मोडला असं होणार नाही," ते म्हणाले. "विमान थांबल्यावर ते मला म्हणाले, तो माणूस भला आहे, फक्त भुकेला आहे. हे बाहेर पडलं तर त्याची खुर्ची जाईल. मी म्हटलं, मी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी आमचे साहेब तोच आकडा घेऊन आले. मी कुणाला काही सांगायची गरजच पडली नाही." त्यांनी टोपी फिरवली. "पण चारला हात मात्र मीही वर केला. माझी दोन मुलं कॉलेजात आहेत. आता आम्हाला ऐकवतायत, की ओहायोत कुणी पाच वर्षं म्हणतंय."

बाहेर येऊन मी मायला फोन लावला.

"वेंडेल कॉकपिटात डबा कुठे ठेवतात?"

"सुकाणूवर टेकवून. त्याचं डायनिंग टेबल आहे ते. का गं?"

"आणि रेडिओवर बोलायचं बटण कुठे असतं?"

"तेही सुकाणूवरच, बोटाखाली," ती सवयीने म्हणाली, आणि मग तिला उमगलं.

"अगं बाई," माय म्हणाली.

५

वेंडेल आधी हसले. मग चिडले. मग पुन्हा हसले, पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

"अशक्य. मी काय आजचा पायलट आहे?"

"करून बघा."

"बघतोच. उद्या सकाळी. मग तू माझी माफी मागशील, आणि मी मोठ्या मनानं ती देईन."

दुसऱ्या दिवशी प्रवासी उतरून गेल्यावर मी डॉर्लीनच्या टेबलापाशी उभी होते. काचेपलीकडे वेंडेल आणि मायचं विमान उभं होतं. प्रेअरीचं कुठलंही विमान वाटेवर नव्हतं, म्हणजे कुणाचा खोळंबा होणार नव्हता. रेडिओ खरखरला. मग अगदी स्वच्छ, माणूस शेजारी बसल्यासारखा, वेंडेलचा आवाज आला.

"हा बघ टेकवला. नेहमीसारखा. काय झालं? काही नाही."

मग चमचा. मग चघळण्याचा आवाज.

डॉर्लीनने माइक उचलला. "वेंडेल, गिळून मग बोल."

"माझ्या बायकोची हॉटडिश आहे ही, माय," रेडिओ म्हणाला. "हिच्यावर आळ घेतात! घे थोडी."

"वेंडेल! ऐकू येतंय का?" डॉर्लीन ओरडली. "प्रोखास्का! तुझ्या चमच्याचा आवाज गावभर जातोय!"

"बघ ना किती शांत आहे," रेडिओ समाधानाने म्हणाला. "मी म्हटलंच होतं. रेडिओवर चिटपा—"

चमचा थांबला.

काही खडखडलं, आणि एकदम सगळं बंद झालं. डबा उचलला गेला होता.

"डॉर्लीन?" आता वेंडेलचा आवाज नीट, नियमाप्रमाणे आला. "तू मला हाका मारत होतीस का?"

"मारत होते, राजा."

"सिग्ने आहे तिथे?"

"आहे."

डॉर्लीनने मला दाराकडे पिटाळलं.

मी बाहेर गेले तेव्हा ते विमानाच्या जिन्यावर बसले होते, डबा मांडीवर. एवढा मोठा माणूस, पण शाळा बुडवताना सापडलेल्या मुलासारखा.

"त्याला माहीत होतं," ते म्हणाले. "त्या संध्याकाळी मी त्याला झापून परत पाठवलं. तो माझ्या गॅरेजात उभा राहून ऐकत होता, आणि त्याला माहीत होतं. मला एकट्याला का नाही सांगितलं त्यानं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

त्यांनी विचार केला. "सगळ्यांना सांगून टाकलं असतं. त्याच दिवशी."

"म्हणून."

ते डब्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते रडणार. पण ते म्हणाले, "पोरी, शनिवारी येऊ नकोस असं मी म्हणालो होतो ना? मग आता मीच येत नाही."

६

न्याहारी अग्निशामक दलाच्या सभागृहात असते. बंब बाहेर काढतात आणि टेबलं आत लावतात. पॅनकेक, सॉसेज, आणि कॉफी अशी, की तिच्यातून पेल्याचा तळ दिसावा. मी शेवटच्या टेबलावर बसले. बरेच जण माझ्याकडे बघून मान हलवत होते आणि लगेच ताटात बघत होते. वेंडेलची खुर्ची रिकामी होती. माय सारखी दाराकडे बघत होती.

लूनच्या पायलटांच्या अध्यक्षांनी पेला वाजवला. "ठराव वेंडेलचा. वेंडेल नाही. तरीही घ्यायचा का मताला?"

"घ्या की, उरकून टाका," कुणीतरी म्हणालं.

मी उठले. बोलायची तयारी करून आले होते. सत्य माझ्याकडे होतं, साक्षीदार होते. पण बाबांनी जे तोंडाबाहेर काढलं नाही ते मी काढायचं का, एवढंच ठरत नव्हतं. बाबांनी स्वतःवर संशय ओढवून घेतला, पण ते बोलले नाहीत. त्यांचं नाव वाचवायला मी त्यांचाच शब्द मोडणार होते.

"माझ्या बाबांनी—" मी सुरुवात केली.

"थांब पोरी. ते तुझं काम नाही."

वेंडेल दारात होते. अंगावर पूर्ण गणवेश, कॅप्टनच्या चार पट्ट्यांसह. त्यांच्या मागे कर्टिस बुलांजे आणि प्रेअरीचे बरेच पायलट उंबऱ्यावर घोटाळत होते.

"यांना मी आणलंय," वेंडेल म्हणाले. "एकट्याच्यानं आत येववत नव्हतं."

कर्टिसनी टोपी काढून अध्यक्षांना विचारलं, "बसू का, कॅप्टन?"

सवयीने अध्यक्ष म्हणाले, "बसा," आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

वेंडेलनी सगळं सांगितलं. सूपासकट. काही झाकलं नाही, काही सजवलं नाही. "आकडा मी फोडला. तोंडात घास असताना. हॅल्वरनं ते ऐकलं, माझी खुर्ची वाचावी म्हणून गप्प बसला, आणि मी त्याला गद्दार म्हणालो. तुमची विमानं मी घालवली. मायची नोकरी मी घालवली. बोला आता."

मला वेंडेलसाठी भीती वाटली. बाबांनी सगळं सोसलं ते हा क्षण येऊ नये म्हणून.

"हॉटडिशपायी?" शेवटी मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

"हो."

"बटाट्याची का शेवयांची?"

"बटाट्याची."

"मग निदान कळण्यासारखं आहे."

आधी एकजण हसला, मग टेबलच्या टेबल. सगळे नाही. एक को-पायलट उठून बाहेर गेला, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मायने वेंडेलपुढे पॅनकेकचं ताट सरकवलं. "बस. आणि यापुढे टेबलावर जेव."

मग कर्टिस उठले. "तुमची विमानं याच्या डब्यानं नाही घालवली," ते म्हणाले. "आम्ही चार म्हणालो म्हणून गेली. त्या दिवशी तुमचा आकडा कळला नसता, तर चार दिवसांनी आमचा कळला असता आणि तो तुम्हाला ऐकवला असता. पुढच्या महिन्यात ते आमच्याकडे येतायत. पाच म्हणा म्हणतायत. आम्ही ठरवलंय, आकडा आधीच सांगून टाकायचा. सगळ्यांना. आमचा शून्य आहे. तुमचा?"

माय अध्यक्षांकडे बघत होती. अध्यक्ष कॉफीकडे.

"शून्य," माय म्हणाली.

"हे मताला टाकावं लागेल," अध्यक्ष म्हणाले, पण त्यांचा स्वर काही विरोधाचा नव्हता. ओहायोलाही कुणीतरी फोन करावा असं ठरलं. तो वेंडेलनी करू नये, असंही ठरलं.

यातून विमानं परत आली नाहीत. ठाणं बंद होणार ते होणारच होतं. सूपाची तंबी देणाऱ्यांच्या कानावर हॉटडिश गेलीच, आणि वेंडेलची खुर्ची उन्हाळ्याची वाट न बघता गेली. पण ते पुढचं.

"राहिला तो ठराव," अध्यक्ष म्हणाले. वेंडेल उभे राहून म्हणाले की त्यांनी तो मागे घेतलाय. अध्यक्ष म्हणाले की छापून आलेला ठराव असा तोंडी मागे घेता येत नाही. त्यावर दोघांची थोडी वादावादी झाली.

"बरं, उलटं विचारतो," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "शिष्यवृत्तीला हॅल्वर ऑस्टबीचं नाव ठेवायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

मी खाली बघत होते. खुर्च्या करकरल्या तेव्हा मान वर केली. टेबलाटेबलावर हात वर होते.

"प्रेअरीच्या लोकांनी हात खाली घ्या," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला इथे मत नाही."

"माहितेय," कर्टिस म्हणाले.

आणि त्यांच्यातल्या एकानेही हात खाली घेतला नाही.